खुर्चीची पाठ

आधी रंग गेला. सगळे नव्हेत, फक्त लाल,
तोही एकट्या डाव्या डोळ्यातला.
धक्क्यावरची जीवरक्षक कडी विटकरी दिसू लागली,
मग धुऊन धुऊन विटलेल्या टेबलक्लॉथसारखी.
मी चष्मेवाल्याला नावं ठेवली.

मग हात.
मी खुर्च्या करते, ओटच्या काड्यांची पाठ असलेल्या,
ऑर्कनीत करतात तशा:
जुडी, तिच्यावर सुतळीचा टाका, वर पुन्हा जुडी,
वारा मागे अडवून धरील अशी उंच, गोलसर भिंत.
फेब्रुवारीतल्या एका सकाळी सुई बोटांत होती
आणि बोटांना त्याचा पत्ता नव्हता.

विमानाने अ‍ॅबर्डीनला गेलो.
यंत्राच्या नळीत मी ठोके मोजले
टाके मोजते तसे, अकरा-अकराच्या ओळीने.
डॉक्टर गेडिसनी पडदा माझ्याकडे वळवला.
मेंदूत सात पांढरे ठिपके, मानेच्या कण्यात दोन.
आधी लांबलचक नाव सांगितलं, मग त्याची दोन अक्षरं केली.
"रिलॅप्सिंग. म्हणजे येतं, ओसरतं, पुन्हा येतं."
म्हणजे ये रे माझ्या मागल्या.

परतताना एरलंड म्हणाला, भरती-ओहोटीसारखंच की.
नाही.
भरतीचं वेळापत्रक धक्क्यावर टांगलेलं असतं,
मिनिटासकट, पुढच्या डिसेंबरपर्यंतचं.

आईने तो शब्द अजून उच्चारलेला नाही.
"ते तुझं," म्हणते ती. "ते तुझं आज कसं आहे?"
आणि सूप आणते. फ्रीजमध्ये लोण्याशेजारी
इंजेक्शनांचा खोका आहे, त्याच्यावर सूप ठेवते.

मान खाली घातली की पाठीतून वीज उतरते, थेट टाचांपर्यंत.
गरम पाण्यात बसले की नजर पुसट होते.
दुपारी दोनला अंगातलं बळ
कुणी बूच काढल्यासारखं वाहून जातं,
आणि बाहेरून मी दिसते धडधाकट.
दुकानात बेट्सी म्हणाली, किती छान दिसतेस गं!
मी तिचे आभार मानले आणि ब्रेड तिथेच विसरले.

परवा रात्री एरलंडवर ओरडले.
त्याने मुरंब्याच्या बरणीचं झाकण
मला न सांगता आधीच सैल करून ठेवलं होतं.
तो काहीच बोलला नाही. उठला,
झाकण पुन्हा घट्ट लावलं
आणि बरणी माझ्यापुढे ठेवली.
मला ते उघडलं नाही.
आम्ही दोघं कोरडाच ब्रेड खात बसलो.

जीमी फोबिस्टर आला तेव्हा मी सहा ओळी उसवत होते.
त्याची काठी दाराशी, टोपी गुडघ्यावर.
त्याला आम्ही लहानपणापासून ओळखतो,
ट्रॅक्टरवरून पडलेला जीमी.
"पडलो नव्हतो," तो म्हणाला,
"एकोणीस वर्षं झाली. तुझंच ते.
ट्रॅक्टरचं सांगितलं, कारण गावाला ट्रॅक्टर कळतो."
मी सुई खाली ठेवली.
पुढे काय होतं, विचारायचं होतं मला.
त्याने आधीच मान हलवली:
"माझं विचारू नकोस. माझं माझ्यापुरतं."
मग खुर्चीची ऑर्डर दिली.
"आणि हात दोन बोटं उंच कर. उठताना लागतात."

आता बोटं सांगत नाहीत, म्हणून डोळ्यांना विचारते,
त्यातही उजव्याला.
टाका बसला की नाही ते सुतळीच्या आवाजावरून कळतं,
हे मला आधी माहीत नव्हतं.
काही दिवस तीन ओळी होतात, काही दिवस एकही नाही,
आणि एकदा, एका मंगळवारी, चौदा झाल्या;
त्या चौदांची किंमत मी शुक्रवारपर्यंत मोजली.

पाठ आता खांद्यापर्यंत आली आहे.
जीमीला म्हटलं, मेमध्ये देईन.
मग थांबले. म्हटलं, मे-जून धर.
त्याने टोपी घातली, काठी घेतली,
दारातल्या वाऱ्यात जरा तोल सावरला.
"धरतो," म्हणाला.
"फक्त कुठल्या सालचा, ते नको सांगूस."